नारिंगी गाडी आणि वडापचं इंजिन

माझा भाचा पुण्यात गाड्यांच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. मागच्या महिन्यात घरी आला तेव्हा चहा होईपर्यंत त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. जमिनीला टेकेल इतकी बसकी, नारिंगी रंगाची गाडी. दोन्ही दारं पक्ष्याने पंख उचलावेत तशी वर उघडलेली.

"मामा, ओळखा बघू कुठल्या सालची?"

मी आपलं पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं साल ठोकून दिलं. तो हसला. "१९७० ची आहे. मर्सिडीज-बेंझ सी १११. कंपनीने ती कधी विकलीच नाही. आणि खरी गंमत सांगू? या गाडीने पुढे जागतिक विक्रम केले ना, ते ज्या इंजिनावर केले ते तुमच्या वडापच्या इंजिनाचं सख्खं भावंड!"

आमच्या भागातल्या वाचकांना वडाप म्हणजे काय ते सांगायला नको. पण आमच्या गोतावळ्यातली बरीच मंडळी आता परदेशात असतात, त्यांच्या मुलांसाठी सांगतो. एस.टी. येत नाही, आली तरी थांबत नाही, अशा वेळी नाक्यावरून माणसं भरून नेणारी खाजगी गाडी म्हणजे वडाप. आमच्याकडे ती बहुतेक टेम्पो ट्रॅक्स असायची. बसायच्या जागा दहा, माणसं अठरा-वीस, शिवाय टपावर कोंबड्यांची खुराडी. शाळेच्या नोकरीतली शेवटची बारा-तेरा वर्षं मी रोज अशा ट्रॅक्समधून, बहुधा अर्धा आत आणि अर्धा बाहेर, प्रवास केला. तिचा आणि या पंखवाल्या गाडीचा काय संबंध?

भाचा गेला, पण ते मनात राहिलं. इतिहास शिकवण्यात जन्म गेल्यामुळे कोणी 'सख्खं भावंड' म्हटलं की वंशावळ तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. गाड्यांमधलं मला फारसं कळत नाही, सायकलपलीकडे मी काही चालवलेलं नाही. तरी महिनाभर वाचलं, भाच्याला फोन करकरून पिडलं, आणि जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

सप्टेंबर १९६९. माणूस चंद्रावर उतरून दोन महिने झाले होते. जर्मनीत फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीजने ही गाडी लोकांपुढे आणली. अंगाचं कवच फायबरग्लासचं, इंजिन चालकाच्या पाठीमागे, शक्ती २८० अश्वशक्ती, वेग ताशी २६० किलोमीटरच्या वर. रंगाला नाव दिलं होतं 'वाइसहेर्ब्स्ट'. हे एका फिक्या गुलाबी जर्मन वाइनचं नाव, पण गाडी मात्र चांगली भडक नारिंगी! आकार दिला होता ब्रूनो साको या इटलीत जन्मलेल्या चित्रकार-अभियंत्याच्या चमूने. त्याआधी त्याच वर्षी चाचणीसाठी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा एक ओबडधोबड सांगाडा केला होता. कारखान्यातले लोक त्याला 'होबेल' म्हणायचे. होबेल म्हणजे सुताराचा रंधा. हे वाचून मला फार बरं वाटलं. मोठ्या कंपनीतही माणसं आपल्यासारखीच नावं ठेवतात.

आता त्याच वर्षी आपल्याकडे काय होतं? ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना आठवत असेल, रस्त्यावरच्या ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असायची. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ साली झाला आणि जमशेदपूरला ते ट्रक बनू लागले. लोक 'टाटा-मर्सिडीज' असंच म्हणायचे. तो करार संपला १९६९ साली. म्हणजे तिकडे नारिंगी गाडी प्रदर्शनात उभी राहिली त्याच वर्षी इकडच्या ट्रकवरून चांदणी उतरली. आम्हा खेड्यातल्या पोरांना मर्सिडीज म्हणजे श्रीमंतांची गाडी हे फार उशिरा कळलं. आमच्या लेखी मर्सिडीज म्हणजे कांद्याचा ट्रक.

तर मूळ मुद्द्याकडे. ही गाडी ज्यांच्या देखरेखीखाली झाली ते रूडोल्फ उलेनहाउट. जन्म १९०६ चा, लंडनमधला, वडील जर्मन, आई इंग्रज. हे नुसते कागदावरचे अभियंते नव्हते. शर्यतीच्या गाड्या ते स्वतः चालवून तपासत, आणि व्यावसायिक शर्यतपटूंच्या तोडीने चालवत. १९५२ सालच्या ३०० एसएल गाडीचा सांगाडा पोलादी नळ्यांचा होता आणि तो बाजूंनी इतका उंच आला की नेहमीचं दार बसेना. म्हणून दार छताला बिजागऱ्या लावून वर उघडणारं केलं. जगप्रसिद्ध पंखांची दारं ही अशी अडचणीतून आली, शोभेसाठी नव्हे. सी १११ मध्ये तीच दारं परत दिसतात.

उलेनहाउट यांच्या आयुष्यात एक काळी तारीख आहे, ११ जून १९५५. फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पिएर लव्हेग हा चालक चालवत असलेली मर्सिडीज दुसऱ्या गाडीवर आदळून उडाली आणि तिचे जळते तुकडे प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक माणसं मेली. खुद्द लव्हेगही गेला. मर्सिडीजने त्या रात्री उरलेल्या गाड्या शर्यतीतून काढून घेतल्या आणि वर्षअखेर शर्यतीच थांबवल्या. पुढच्या मोसमासाठी उलेनहाउट यांनी बंद टपाच्या दोन गाड्या बनवल्या होत्या, त्या शर्यतीत उतरल्याच नाहीत. त्यांतली एक ते रस्त्यावर वापरत. (त्या दोनपैकी एक गाडी २०२२ साली साडेतेरा कोटी युरोला विकली गेली. आकडा वाचून मी शून्यं पुन्हा मोजली.) म्हणजे १९६९ साली ही नारिंगी गाडी पुढे आली ती चौदा वर्षांच्या मौनानंतर. लोकांची झुंबड उडाली यात नवल नाही.

पण या गाडीतली खरी नवलाई दाराची किंवा रंगाची नव्हती, इंजिनाची होती. आणि ते इंजिन ज्याच्या डोक्यातून निघालं तो फेलिक्स वांकेल हा मोठा विक्षिप्त गृहस्थ. जन्म १९०२. पदवी नाही, कुठल्या कारखान्यात रीतसर उमेदवारी नाही. हायडेलबर्गला एका प्रकाशकाकडे पुस्तकविक्रीची नोकरी करायचा आणि फावल्या वेळात इंजिनाची चित्रं काढायचा. दृष्टी इतकी अधू की जन्मभर गाडी चालवायचा परवाना काढला नाही! हे कौतुकाचं झालं, दुसरी बाजूही सांगायला हवी. हा तरुणपणापासून नाझी चळवळीत होता. १९३२ साली स्थानिक पुढाऱ्याशी भांडण होऊन पक्षाबाहेर पडला, १९३३ साली काही महिने तुरुंगातही गेला, पण ते वैर पुढाऱ्याशी होतं, विचारांशी नव्हे. पुढे त्याच राजवटीत त्याने विमानांच्या इंजिनांवर काम केलं, आणि युद्ध संपल्यावर फ्रेंचांनी त्याची कार्यशाळा मोडून त्याला अटक केली. वर्गात शोधांचा धडा शिकवताना आपण शोधकाला सरसकट थोर पुरुष करून टाकतो. मीही करत आलो. वांकेलबद्दल वाचून जरा ओशाळलो.

त्याचं इंजिन कसं चालतं ते भाच्याने मला दोनदा समजावलं. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो आणि त्या वर-खालीचं गोल फिरण्यात रूपांतर करावं लागतं. वांकेल म्हणाला, फिरवायचंच आहे तर मुळातच फिरणारं काही का ठेवू नये? त्याने लंबगोल पण मधे किंचित आवळलेली अशी एक पोकळी घेतली आणि तीत फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरवला. वरून पाहिलेला टम्म समोसा डोळ्यांपुढे आणा. त्याची तिन्ही टोकं भिंतीला घासत फिरतात, त्यामुळे पोकळीचे तीन कप्पे होतात. त्रिकोण फिरेल तसा प्रत्येक कप्पा लहानमोठा होत इंधन-हवा आत घेतो, दाबतो, पेटवतो आणि धूर बाहेर टाकतो. झडपा नाहीत, धडधड नाही, भाग थोडे, आकार लहान. नेकारझुल्म गावच्या एनएसयू या मोटारसायकली आणि छोट्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत १९५७ साली हे इंजिन पहिल्यांदा चाललं. वांकेलच्या मूळ रचनेत बाहेरचं आवरणसुद्धा फिरत असे. तिथल्या हान्स डीटर पाश्के या अभियंत्याने ते स्थिर करून बनवायला सोपं केलं. वांकेलला ते अजिबात आवडलं नाही. माझ्या शर्यतीच्या घोड्याला तुम्ही नांगराला जुंपलंत, अशी त्याची तक्रार होती.

साठच्या दशकात या इंजिनाने सगळ्यांना वेड लावलं. परवाने घ्यायला रांग लागली. डाइमलर-बेंझने १९६१ साली घेतला, जपानच्या माझदाने घेतला, रोल्स-रॉइसने घेतला, १९७० साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने पाच कोटी डॉलरचा करार केला. खुद्द एनएसयूने १९६७ साली 'आरओ ८०' नावाची देखणी गाडी काढली, ती युरोपातली वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरली. आणि तिनेच कंपनी बुडवली. त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्या झिजायच्या, दाब गळायचा, इंजिन मान टाकायचं. कंपनी हमीप्रमाणे इंजिनं बदलून देत राहिली. असं सांगतात की दोन आरओ ८० वाले रस्त्यात समोरासमोर आले की हात हलवण्याऐवजी बोटं दाखवायचे. जितकी बोटं, तितकी बदललेली इंजिनं. १९६९ साली एनएसयू फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली.

मर्सिडीजच्या लोकांना हे सगळं दिसत होतं. त्यांच्याकडे व्होल्फ-डीटर बेनझिंगर हे या कामाचे प्रमुख होते. फ्रँकफुर्टच्या गाडीत त्यांनी एकामागोमाग तीन त्रिकोण बसवले होते. मार्च १९७० मध्ये जिनिव्हाला दुसरी आवृत्ती आली तिच्यात चार. साडेतीनशे अश्वशक्ती, ताशी ३०० किलोमीटर, उभ्या गाडीला शंभरच्या वेगाला पोचायला पाच सेकंदांपेक्षा कमी. भाच्याने दाखवलेला फोटो याच आवृत्तीचा.

मग चेक यायला लागले. कोरे, सहीचे. रक्कम तुम्ही घाला, गाडी आम्हाला द्या. कंपनीने विक्रीला कधी होकार दिला नाही. जेमतेम डझनभराच्या आसपास गाड्या झाल्या आणि त्या सगळ्या कंपनीकडेच चाचण्यांसाठी राहिल्या.

या नकाराचं काय करायचं, यावर मी बरेच दिवस अडलो. भाच्याचं म्हणणं, ही कंपनीची सचोटी. जे इंजिन आपल्या कसोटीला उतरलं नाही ते त्यांनी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलं नाही. ते खरंच आहे, पण पुरतं खरं नाही. वांकेलच्या इंजिनातला पेट घेणारा कप्पा लांबट आणि चपटा. ज्योत टोकापर्यंत पोचत नाही, काही पेट्रोल न जळताच धुरातून बाहेर जातं. त्यामुळे इंजिन पितंही फार आणि धूरही घाण. १९७० च्या अखेरीस अमेरिकेने स्वच्छ हवेचा कायदा केला आणि गाड्यांच्या धुरातली घाण पाच-सहा वर्षांत नव्वद टक्के कमी करा असं बजावलं. अमेरिका ही मर्सिडीजची मोठी बाजारपेठ. १९७१ साली कंपनीने सी १११ मधला वांकेलचा नाद सोडला. सचोटी होतीच, तिच्या पाठीला कायद्याचा सोटाही होता. शिवाय एनएसयूचं काय झालं ते शेजारच्याच गावात दिसत होतं. जनरल मोटर्सने पाच कोटींचा करार करूनही १९७४ साली हात झटकले. चिकाटीने लागून राहिली ती फक्त माझदा. तिने टोकांच्या पट्ट्यांचं दुखणं बरंचसं बरं केलं, आणि १९९१ साली चार त्रिकोणांच्या इंजिनावर ल माँची शर्यतसुद्धा जिंकली. म्हणजे इंजिन अगदीच टाकाऊ होतं असंही म्हणता येत नाही.

पण एवढा खर्च करून बनवलेल्या, आणि विकायच्या नाहीत असं ठरलेल्या गाड्यांचं करायचं काय? इथून पुढची गोष्ट मला जास्त आवडते.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल आवळलं, आणि काही महिन्यांत तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. जर्मनीत चार रविवार खाजगी गाड्या रस्त्यावर आणायला बंदी होती. ज्या महामार्गावर सी १११ धावली असती तिथे लोक पोराबाळांना घेऊन चालत फिरत होते. आपल्याकडे त्याच नोव्हेंबरात पेट्रोलच्या दरवाढीविरुद्ध अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते, ते आमच्या पिढीला आठवत असेल. अशा दिवसांत ताशी तीनशेने पळणाऱ्या आणि पेट्रोल ढोसणाऱ्या गाडीचं नाव काढणंसुद्धा शोभलं नसतं.

मर्सिडीजकडे दुसरं एक जुनं घोडं होतं. डिझेल. १९३६ साली २६० डी नावाची डिझेलवर चालणारी मोटार त्यांनी रीतसर विक्रीला काढली होती, अवघी ४५ अश्वशक्तीची. टॅक्सीवाले खूश, कारण खर्च कमी आणि इंजिन मरता मरत नाही. बाकी सगळे नाक मुरडणारे, कारण आवाज, वास आणि चढावर रांगणं. डिझेल म्हणजे ट्रकचं, ट्रॅक्टरचं, टॅक्सीचं इंजिन. १९७४ साली कंपनीने एक साधी युक्ती केली. २.४ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, त्याला तशाच मापाचा आणखी एक सिलिंडर जोडला आणि तीन लिटरचं पाच सिलिंडरचं इंजिन केलं. गाडीचं नावही तसंच जोड दिल्यासारखं, '२४० डी ३.०'. शक्ती ८० अश्वशक्ती. कारखान्याच्या भाषेत चार सिलिंडरचं ते ओएम ६१६ आणि पाचाचं ते ओएम ६१७. ही नावं लक्षात ठेवा.

हे पाच सिलिंडरचं इंजिन त्यांनी सी १११ मध्ये बसवलं! वांकेलच्या चार त्रिकोणांच्या जागी टॅक्सीचं डिझेल. त्याला टर्बो जोडला. म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याने जास्तीची हवा आत कोंबायची. ती हवा आत जाण्याआधी थंडही केली. ८० ची १९० अश्वशक्ती झाली.

इटलीच्या नकाशातला बूट आठवा. त्याच्या टाचेत नार्दो नावाचं गाव आहे. तिथे १९७५ साली फियाटने चाचणीसाठी बरोबर वर्तुळाकार असा साडेबारा किलोमीटरहून थोडा मोठा रस्ता बांधला. तो बाहेरच्या बाजूला असा उचललेला आहे की सर्वांत बाहेरच्या पट्ट्यात ताशी २४० ने गेलं तर चालकाला सुकाणू वळवावंच लागत नाही, गाडी सरळ रस्त्यावर असल्यासारखी जाते. जून १९७६ मध्ये नारिंगी गाडी तिथे आणली. चार चालक पाळीपाळीने बसले, त्यांत या प्रकल्पाचे अभियंते हान्स लीबोल्ड स्वतः एक होते. गाडी साठ तासांहून अधिक काळ, रात्रंदिवस, गोल गोल पळत राहिली. सरासरी वेग ताशी सुमारे २५२ किलोमीटर. सोळा जागतिक विक्रम झाले. त्यांतले तेरा नुसते डिझेल गाड्यांचे नव्हते, इंजिन कुठलंही असो, त्या सगळ्यांत मिळून होते.

वर्गात मागच्या बाकावर बसणारा, गणितात कसाबसा पास होणारा पोरगा तालुक्याच्या क्रॉस-कंट्रीत पहिला येतो तेव्हा शिक्षकांच्या खोलीत जी शांतता पसरते, ती मी अनुभवलेली आहे. तशीच शांतता त्या दिवशी मोटारींच्या दुनियेत पसरली असणार असं मला उगाच वाटतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९७८ साली हवा कापत जाईल अशा लांबट, निमुळत्या शरीराची तिसरी आवृत्ती आली. डिझेलच, २३० अश्वशक्ती. तिने बारा तास ताशी तीनशेच्या वर सरासरी राखली, आणि तरी शंभर किलोमीटरला तेल लागलं सोळा लिटर. त्याच वर्षी टर्बो लावलेलं हे पाच सिलिंडरचं डिझेल ३०० एसडी नावाच्या गाडीत घालून कंपनीने अमेरिकेत विकायला काढलं, टर्बो-डिझेल बसवलेली ती पहिली विक्रीची मोटार. ५ मे १९७९ ला लीबोल्ड यांनी चौथी आवृत्ती नार्दोवर ताशी ४०३.९७८ किलोमीटरने पळवून वर्तुळाकार रस्त्यावरचा विक्रम केला, पण तिच्यात पेट्रोलचं मोठं इंजिन होतं, त्यामुळे आपल्या वंशावळीत ती येत नाही.

आता वडाप. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पो ही कंपनी होती, २००५ पासून तिचं नाव फोर्स मोटर्स. तिने ऐंशीच्या दशकात डाइमलर-बेंझकडून परवाना घेऊन एक डिझेल इंजिन इथे बनवायला सुरुवात केली आणि ते आपल्या गाड्यांत, पुढे ट्रॅक्समध्येही, घातलं. चार सिलिंडर, २.४ लिटर. ओएम ६१६! म्हणजे ज्याला एक सिलिंडर जोडून नार्दोचं इंजिन झालं ते हेच. सिलिंडरचा व्यास तोच, ९१ मिलिमीटर. दट्ट्याची चालही तीच, ९२.४. वंशावळ जुळली. भाच्याला फोन करून त्याचं म्हणणं मान्य केलं.

त्या ट्रॅक्सचा आवाज अजून कानात आहे. हिवाळ्यात सकाळी ड्रायव्हर किल्ली अर्धी फिरवून थांबायचा, आत काहीतरी तापू द्यायचा, मग पुढची किल्ली. इंजिन खाकरल्यासारखं करून एकदम सुरू व्हायचं. घाटात वीस माणसं आणि बाजाराची पोती घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये चढायचं. तक्रार नाही. आमच्या ड्रायव्हरने त्या एका इंजिनावर किती किलोमीटर काढले याचा हिशेब त्यालाही नव्हता, कारण काटा कधीच बंद पडलेला होता.

पण धुराचं काय? इथे मला थांबावं लागतं. सौ.ना दमा आहे. आमचं घर नाक्यापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी सात ते दहा तिथे वडापं, ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, सगळं डिझेलवालं उभं असायचं, आणि ती खिडक्या लावून बसायची. इंजिनं चांगली असली तरी डिझेलमध्ये रॉकेल मिसळणारे आपलेच लोक होते, देखभाल टाळणारेही आपलेच. हे मला ठाऊक होतं आणि त्याच गाडीतून मी रोज जात होतो, कारण दुसरी सोय नव्हती. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगाला कारणीभूत ठरतो असं निःसंदिग्ध जाहीर केलं, तेव्हा पेपरातलं ते कात्रण मी तिला दाखवलं नाही.

आणि नकार देणाऱ्या त्या कंपनीचं पुढे काय? २०२० साली डाइमलरने अमेरिकी सरकार आणि कॅलिफोर्निया राज्याशी सुमारे दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. आरोप असा, की डिझेल गाड्यांत अशी संगणकीय व्यवस्था होती की तपासणीत धूर कमी दिसावा आणि रस्त्यावर तो जास्त निघावा. कंपनीने गुन्हा कबूल केला नाही, पैसे मात्र भरले. १९७१ साली धुरापायी जगातली सर्वांत हवीहवीशी गाडी कपाटात ठेवणारी कंपनी ती हीच. दोन्ही गोष्टी मी एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहिल्या. पन्नास वर्षांत माणसं बदलतात, उलेनहाउट तर १९७२ लाच निवृत्त झाले होते. एवढं उत्तर मला पुरेसं वाटत नाही, पण याहून बरं सापडलंही नाही.

परवा भाच्याने आणखी एक फोटो पाठवला. ऑगस्ट २०२५, तेच नार्दो, तोच गोल रस्ता. मर्सिडीजच्याच एएमजी शाखेची 'जीटी एक्सएक्स' ही नुसती नमुन्यादाखल बनवलेली गाडी, रंग पुन्हा नारिंगी. विजेवर चालणारी. पृथ्वीच्या परिघाइतकं, ४०,०७५ किलोमीटर अंतर तिने आठ दिवसांच्या आत काटलं आणि पंचवीस विक्रम केले. धूर नाही, आवाजही फारसा नाही.

फोन लावला. सौ. शेजारीच बसली होती, तिने माझ्या हातातून तो घेतला आणि विचारलं, "याचं भावंड आमच्या नाक्यावर कधी येणार रे?"

"मामी," तो म्हणाला, "मागच्या वेळी बारा-पंधरा वर्षं लागली होती."

तिने फोन मला परत दिला आणि खिडकी लावायला उठली. साडेसात वाजले होते.